हिवाळी टायर आणि वेगळ्या रिम : रॅव्ह४ साठी नेमके काय घ्यावे? (माँट्रियल)

गोदाकाठ | १२ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही नाशिकहून लावालला आलो, म्हणजे माँट्रियलच्या थोडे उत्तरेला. ऑगस्टमध्ये दोन वर्षे वापरलेली टोयोटा रॅव्ह४ हायब्रिड (एक्सएसई) घेतली. मी रोज ऑटोरूट १५ या हमरस्त्याने माँट्रियलला कामाला जाते आणि जाता-येता मुलीला गार्डेरीत (पाळणाघरात) सोडते-आणते. ती चार वर्षांची आहे. आयुष्यात बर्फावर गाडी चालवलेली नाही, त्यामुळे खरे सांगायचे तर आत्तापासूनच पोटात गोळा येतो आहे.

क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, त्यामुळे घ्यायचे हे नक्की. डीलरने १८ इंची अलॉय रिम, टायर, हवेच्या दाबाचे सेन्सर, सगळे बसवून २,७५० डॉलर सांगितले. वर जवळजवळ १५ टक्के कर. नव्याने संसार मांडताना हा आकडा फार मोठा वाटतो.

ऑफिसातले एक जण म्हणाले, "तुझी गाडी चारही चाकांवर चालते, स्वस्तातले कुठलेही टायर टाक." दुसरे म्हणाले, "वेगळ्या रिम कशाला, आहे त्याच रिमवर दर वर्षी टायर बदलून घे." गाडीवर आत्ता २२५/६० आर १८ मापाचे टायर आहेत (रुंदी २२५ मिमी, भिंतीची उंची त्याच्या साठ टक्के, रिम १८ इंची). १७ इंची चालतील असेही कुणी तरी म्हणाले. कोणाचे ऐकू? सविस्तर सांगितलेत तर फार मदत होईल.

---

जुना_माँट्रियलकर | १२ ऑक्टोबर २०२४, रात्री ११:०५

गोदाकाठ ताई, स्वागत. वेळेवर विचारलेत. पहिला बर्फ पडला की टायरवाल्यांचे फोन लागत नाहीत आणि तारीख तीन-तीन आठवडे पुढची मिळते. ऑक्टोबर संपायच्या आत वेळ ठरवून टाका.

चारही चाकांवर चालण्याचे आधी बोलतो, कारण या समजुतीने मी स्वतः पोळलो आहे. २०११ चा डिसेंबर, आमचा इथला दुसरा हिवाळा. गाडी ऑल व्हील ड्राइव्ह, टायर बदललेले, पण स्वस्त मिळाले म्हणून जुने घेतलेले. निघताना गाडी सुरेख निघायची, चाक जागेवर फिरायचे नाही, त्यामुळे मनात खात्री बसली. घरापासून दोन गल्ल्यांवर एक उतार आहे आणि उताराच्या तळाशी 'थांबा' अशी पाटी. वेग वीसच्या आसपास असेल. ब्रेक दाबला, पायाखाली तो करकर थरथराट झाला आणि गाडी तशीच पुढे जात राहिली. थांब्याची पाटी काचेतून मागे जाताना पाहिली. आडव्या रस्त्याने कुणी येत नव्हते म्हणून आज हे लिहितो आहे. मागच्या सीटवर मुलगी होती.

इंजिनची ताकद चार चाकांना मिळाली तर गाडी निघते छान. थांबताना मात्र जगातली प्रत्येक गाडी चारच चाकांनी थांबते. तिथे तुम्ही आणि साधी फ्रंट व्हील ड्राइव्हवाली गाडी सारखेच, उलट तुमची हायब्रिड बॅटरीमुळे थोडी जडच. वळणावरही तेच. रस्त्याला धरून ठेवणारे चार तळहाताएवढे रबराचे तुकडे, तेवढेच काय ते आपल्या हातात. कृपा करून त्यात काटकसर करू नका.

---

पाना_पक्कड | १३ ऑक्टोबर २०२४, सकाळी ७:२०

वर काकांनी लिहिले ते शंभर टक्के खरे. मी थोडे रबराबद्दल लिहितो. इकडे मिसिसागाला येण्याआधी वाळूजला एका टायर कारखान्यात रबर मिश्रणाच्या खात्यात नऊ वर्षे होतो.

प्रत्येक रबर मिश्रणाला एक तापमान असते, ज्याच्या खाली ते काचेसारखे कडक होत जाते. आपल्याकडच्या टायरची चिंता उलटी असते. मे महिन्यात विदर्भातला डांबरी रस्ता साठ अंशांच्या वर जातो, तिथे रबर मऊ पडून झिजू नये म्हणून मिश्रण ताठ ठेवतात. तसले रबर शून्याखाली नेले की लाकडी चाकासारखे वागते, रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरतच नाही. म्हणून ७ अंशांची खूण सांगतात. दिवसाचे तापमान साधारण सातच्या खाली राहू लागले की, रस्ता कोरडा असला तरी, हिवाळी टायर चढवायचे. हिवाळी मिश्रणात सिलिका जास्त असते आणि पॉलिमरची निवड अशी की उणे तीसलाही ते लवचीक राहते.

दुसरी गोष्ट नक्षी. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या नागमोडी बारीक चिरा दिसतील. चाक टेकले की त्या किंचित उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. मोठ्या खाचांत बर्फ ठासून बसतो, तो बसू द्यायचा. बर्फ बर्फाला रबरापेक्षा चांगला धरतो.

आणि एक गोष्ट नवीन माणसाला कुणी सांगत नाही. सर्वांत निसरडा बर्फ कडाक्याच्या थंडीतला नसतो, शून्याच्या आसपासचा असतो. उणे वीसला बर्फ कोरडा, खरखरीत. शून्याजवळ त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो आणि टायर त्या पाण्यावर तरंगतो. त्यामुळे "आज थंडी कमी आहे" अशा सकाळी जास्त जपा.

---

सह्यभटका | १३ ऑक्टोबर २०२४, सकाळी ९:१५

मधेच विचारतो, धागा भरकटवायचा नाही. आम्ही चार मित्र जानेवारीत पुण्याहून मनालीकडे जातो आहोत, अटल बोगद्यापलीकडे सिस्सूपर्यंत. आमच्या एसयूव्हीच्या टायरवर 'एम+एस' असे छापलेले आहे. म्हणजे ते बर्फाचे टायर झाले का?

---

पाना_पक्कड | १३ ऑक्टोबर २०२४, सकाळी ९:५०

@सह्यभटका, नाही. 'एम+एस' म्हणजे मड अँड स्नो. नक्षीत मोकळ्या खाचांचे प्रमाण अमुक इतके आहे, एवढेच त्यातून कळते. ते छापायला बर्फावर चाचणी घ्यावी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, ही खूण शोधा. ती मिळवायला दाबलेल्या बर्फावर ठरलेल्या संदर्भ टायरपेक्षा किमान दहा टक्के जास्त पकड दाखवावी लागते. त्या चाचणीतही गोठलेल्या काचबर्फावर ब्रेक मारून पाहत नाहीत, हे लक्षात ठेवा. तुम्ही गाडीच्या मापाच्या चेन सोबत घ्या, घरी अंगणात दोनदा चढवून पाहा, आणि रस्ता बंद म्हणून पोलिसांनी सांगितले तर तिथून परत फिरा. रोज तिथे चालवणारा स्थानिक चालक मिळाला तर सर्वांत उत्तम.

@गोदाकाठ, क्यूबेकमध्येही तीच डोंगराची खूण लागते. नुसते 'एम+एस' २०१४ च्या डिसेंबरपासून चालत नाही.

---

रेणुका_ओटावा | १३ ऑक्टोबर २०२४, दुपारी १:३०

वेगळ्या रिमबद्दल मी लिहिते, कारण आम्ही दोन्ही करून पाहिले आहे.

पहिली तीन वर्षे एकाच रिमवर टायर काढ-घाल. प्रत्येक वेळी मशीनवर टायरची कड रिमवरून उचकटून काढतात, नवा चढवतात, पुन्हा बॅलन्सिंग. आमच्याकडे एका वेळेला १२० डॉलर पडायचे, म्हणजे वर्षाला २४०. तिसऱ्या वर्षी एका टायरची कड फाटली. दुकानदार म्हणाला आधीच फाटली होती, आम्ही म्हणालो नव्हती. टायर गेला तो गेलाच.

मग स्टीलच्या रिम घेतल्या. आता चाकाच्या जागी चाक, पाच नट काढायचे, पाच घालायचे. दुकानात ६० डॉलर, घरी केले तर काहीच नाही. हिशेब सोपा आहे. चार स्टील रिम साधारण साडेतीनशेला पडल्या. दुकानात बदलले तर वर्षाला १२० वाचतात, म्हणजे तीन वर्षांत रिम फुकट. घरी बदलले तर दीड वर्षात. शिवाय उन्हाळी अलॉय मिठापासून वाचतात. इथे रस्त्यावर इतके मीठ टाकतात की मार्चमध्ये गाडीच्या दारावरून बोट फिरवले तर पांढरे होते. ते मीठ अलॉयच्या लेपाखाली शिरते, खड्डे पडतात, आणि टायरची कड जिथे बसते तिथून हळूहळू हवा गळायला लागते.

माझे मत स्पष्ट आहे. गाडी तीन वर्षांहून जास्त ठेवणार असाल तर वेगळी चाकेच घ्या.

---

ईझारकाठी | १३ ऑक्टोबर २०२४, दुपारी ४:१०

म्युनिकहून +१. आमच्याकडे म्हणच आहे, ऑक्टोबर ते ईस्टर. तारीख ठरवून सक्ती नाही, पण रस्त्यावर बर्फ किंवा हिमकाला असताना हिवाळी टायर नसले तर दंड ६० युरो आणि परवान्यावर एक गुण. १ ऑक्टोबर २०२४ पासून, म्हणजे याच महिन्यापासून, इथेही नुसते 'एम+एस' बाद झाले, डोंगराची खूण हवीच. बहुतेक घरांत चाकांचे दोन संच असतात. फ्लॅटमध्ये जागा नसलेले लोक दुकानातच ठेवतात, त्याला 'चाकांचे हॉटेल' म्हणतात. मीही तेच करते.

एक सावधगिरी, माझ्या फोक्सवॅगन गोल्फ गाडीच्या अनुभवावरून. जर्मन गाड्यांना नट नसतात, बोल्ट असतात. कंपनीच्या रिमला गोल बैठकीचा (बैठक म्हणजे रिमला टेकणारा भाग) बोल्ट लागतो आणि बाजारातल्या बऱ्याच रिमना शंकूच्या आकाराचा. बोल्ट घातला की दोन्ही बसतात, आवळलेही जातात. पण चुकीचा बोल्ट फक्त एका बारीक कडेवर टेकतो आणि चालता चालता सैल होतो. ताई, तुमच्या गाडीला नट आहेत, पण बैठकीचा प्रश्न तोच. नवीन रिम घेताना "या रिमला नट कुठला?" हे विचारल्याशिवाय दुकानाबाहेर पडू नका.

---

गोदाकाठ | १५ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचा प्रसंग वाचून मी आणि नवरा दोघेही बराच वेळ गप्प होतो. स्वस्तातले कुठलेही टायर हा विचार तिथेच संपला.

आता एक संधी आली आहे, त्यावर मत हवे. जवळच एक गृहस्थ जुन्या होंडा सीआर-व्हीची चार हिवाळी चाके विकत आहेत. होंडाच्याच मूळ अलॉय रिम, वर नामांकित कंपनीचे टायर, साइज २२५/६५ आर १७. सगळे मिळून ४०० डॉलर. मी शोधले तर माझ्याच गाडीच्या बेस मॉडेलला कंपनी २२५/६५ आर १७ देते. बोल्टची मांडणीही दोन्ही गाड्यांची ५×११४.३, नटाचे आटेही एकच. नक्षी भरपूर आहे, नव्यासारखी दिसते. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे ३९१५ आहेत. घेऊ का? उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचे आहे.

---

पाना_पक्कड | १५ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:५५

ताई, घेऊ नका. इतके बारकाईने पाहून आकडेही लिहिलेत, म्हणून नेमके सांगता येते आहे.

३९१५ म्हणजे २०१५ सालचा ३९ वा आठवडा. टायर नऊ वर्षांचा आहे. नक्षी शिल्लक आहे हे खरे, पण हिवाळी टायरमध्ये आपण विकत घेतो तो मऊपणा. नऊ वर्षांत हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबराला कडक करतात, मऊपणा आणणारी तेले बाहेर येतात. नख रोवून पाहा आणि मग दुकानातल्या नव्या टायरवर रोवून पाहा, फरक बोटाला कळेल. सहा वर्षांच्या पुढचे हिवाळी टायर मी स्वतःच्या गाडीला लावणार नाही.

आता रिम. ५×११४.३ म्हणजे पाच नट, ११४.३ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. ते जुळते, म्हणून चाक चढेल. पण मधल्या भोकाचे माप पाहा. तुमच्या टोयोटाच्या हबचा (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा) व्यास ६०.१ मिमी, होंडाच्या रिमचे भोक ६४.१. म्हणजे सभोवार दोन मिलिमीटर मोकळे. चाक हबवर टेकून मध्यात बसायला हवे, ते इथे नटांच्या भरवशावर राहील. कडे टाकून ते भरता येते. पण पुढचा मुद्दा कड्याने सुटत नाही. होंडाच्या मूळ रिमला गोल बैठकीचे नट लागतात आणि टोयोटाच्या नटाची बैठक गोल नसते. ईझारकाठी यांनी लिहिले तेच. आटे सारखे असल्यामुळे तुमचे नट त्यावर बिनबोभाट आवळले जातील आणि कुणाला शंका येणार नाही. हाच यातला धोका आहे. रिमचा ऑफसेटही वेगळा असतो, म्हणजे हबला टेकणारा तिचा पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर-आत आहे ते माप. तो बदलला की चाक आत-बाहेर सरकते.

गोल नट, कडी, नवे टायर असे करत गेलात तर चारशेचे चौदाशे होतील आणि शेवटी हातात दुसऱ्या गाडीच्या रिम.

---

जुना_माँट्रियलकर | १५ ऑक्टोबर २०२४, रात्री ११:२०

याच्याशी पूर्ण सहमत. २०११ मध्ये माझ्या गाडीवर होते ते असेच होते. नक्षी नव्यासारखी.

---

गोदाकाठ | १६ ऑक्टोबर २०२४, सकाळी ६:५०

त्या गृहस्थांना नाही कळवले. काका, तुमचे ते शेवटचे वाक्य वाचून एका मिनिटात ठरले.

आता १७ की १८, आणि स्टील की अलॉय, एवढे सांगा. आणि टायर कुठला?

---

पाना_पक्कड | १६ ऑक्टोबर २०२४, सकाळी ८:३०

१७. कारण सांगतो. २२५/६० आर १८ या तुमच्या टायरचा बाहेरचा व्यास ७२७ मिमी येतो (१८ इंच म्हणजे ४५७.२, अधिक २२५ च्या साठ टक्क्यांची दुप्पट, २७०). २२५/६५ आर १७ चा येतो ७२४. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी, स्पीडोमीटरला कळणारही नाही. बेस मॉडेल याच मापावर येते, तेव्हा ब्रेकही आत व्यवस्थित बसतात. रिम लहान झाली की टायरची भिंत उंच होते. माँट्रियलचे खड्डे मार्चमध्ये उघडे पडतात, तेव्हा ती उंच भिंत रिमला वाचवते. शिवाय १७ चा टायर स्वस्त. डीलरने १८ सुचवले त्यात गैर काही नाही, पण तुम्हाला त्याची गरज नाही.

स्टील की अलॉय? स्टील गंजते पण खड्ड्यात वाकते, ठोकून सरळ होते. अलॉय हलकी, दिसायला छान, जोरात बसली तर तडकते. पहिल्या संचाला स्टील घ्या. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलेल त्याचा क्रमांक) मात्र तुमच्या दाराच्या चौकटीवर लिहिला आहे त्यापेक्षा कमी नको. १०२ म्हणजे एका टायरला ८५० किलो. हायब्रिडचे वजन धरून यात तडजोड करू नका.

टायरबद्दल माझा अनुभव: मिशेलिन एक्स-आइस स्नो जास्त टिकतो, कोरड्या हमरस्त्यावर शांत. ब्रिजस्टोन ब्लिझॅक काचबर्फावर फार विश्वासाचा, पण त्याचे खास सच्छिद्र रबर वरच्या थरातच असते, तो झिजला की गुण कमी होतो. नोकियनचे हाकापेलिटा फिनलंडचे. हिवाळी टायरचा धंदा त्यांनी १९३४ मध्ये सुरू केला, हाकापेलिटा हे नाव १९३६ पासूनचे. गावाबाहेर, न साफ केलेल्या रस्त्यांवर ते उत्तम. तुमचा प्रवास बहुतांश ऑटोरूटवर, म्हणून मी एक्स-आइस घेतला असता. खिळ्यांचे टायर क्यूबेकमध्ये १५ ऑक्टोबर ते १ मे चालतात, पण साफ केलेल्या डांबरावर ते आवाज करतात आणि तिथे त्यांचा फायदाही नाही. तुम्हाला नकोत.

चारही एकच घ्या. पुढे नवे आणि मागे जुने असे केले तर वळणावर पुढचे धरून ठेवतात आणि मागची बाजू फिरून पुढे येते.

---

कोथरूड_ते_ब्रॅम्प्टन | १६ ऑक्टोबर २०२४, सकाळी ११:४०

ऑन्टारियोत राहणारे कुणी वाचत असतील तर सांगतो. इथे सक्ती नाही, पण १ जानेवारी २०१६ पासून हिवाळी टायर लावणाऱ्याला सूट देणे विमा कंपन्यांना बंधनकारक आहे. फोन करून मागावी लागते, आपणहून कुणी देत नाही. पावती जपून ठेवा.

आणि माझा प्रश्न. मी वर्षभर चालणारे ऑल-वेदर टायर घ्यायचा विचार करतो आहे, त्यावर डोंगराची खूण आहे. मग दोन संच कशाला?

---

रेणुका_ओटावा | १६ ऑक्टोबर २०२४, दुपारी १२:३०

@कोथरूड_ते_ब्रॅम्प्टन, माझ्या बहिणीकडे ते आहेत. ती व्हँकुव्हरला असते, तिथे शहरात बर्फ वर्षातून मोजके दिवस. तिला अगदी योग्य. ब्रॅम्प्टनमध्ये शहरातल्या शहरात फिरत असाल, बर्फाच्या दिवशी घरून काम करता येत असेल, तर विचार करण्यासारखे आहे. पण तुम्ही हायवे ४०० ने उत्तरेला बॅरीकडे जात असाल तर नको. जॉर्जियन बेवरून येणारी हिमवृष्टीची पट्टी अशी असते की पाच मिनिटांत निळ्या आकाशातून पांढऱ्या भिंतीत शिरतो. ऑल-वेदरचे रबर जुलैतही टिकायला हवे म्हणून ते खऱ्या हिवाळी रबराइतके मऊ ठेवता येत नाही. पाना_पक्कड दादा, बरोबर ना?

---

पाना_पक्कड | १६ ऑक्टोबर २०२४, दुपारी १:०५

अगदी बरोबर.

---

गोदाकाठ | २६ ऑक्टोबर २०२४, संध्याकाळी ७:३०

घेतले! २२५/६५ आर १७ चे चार एक्स-आइस स्नो, उत्पादन या वर्षीचे, आकडे स्वतः वाकून पाहिले. चार स्टील रिम, ६०.१ चे भोक असलेल्या, म्हणजे कडे नको. शंकूच्या बैठकीचे वीस नट. चार सेन्सर. सगळे १,४०० आणि कर. डीलरच्या निम्मेच म्हणायचे.

सेन्सरवर थोडा घोळ झाला. दुकानदार म्हणाला कॅनडात ते सक्तीचे नाहीत, न घेता फक्त पिवळा दिवा चालू ठेवा, बरेच जण तसेच करतात. दोनशे डॉलर वाचले असते. पण दिवा पाच महिने चालूच राहिला तर खरोखर हवा गेली तेव्हा कळणार कसे? अंधारात, ऑटोरूटच्या कडेला, मुलगी गाडीत. म्हणून घेतले. त्याने जुन्या सेन्सरचे क्रमांक नव्यांत उतरवून दिले, त्यामुळे गाडीला चाके बदलल्याचे कळतच नाही.

---

जुना_माँट्रियलकर | २६ ऑक्टोबर २०२४, रात्री ८:१०

फार चांगले केलेत. आता दोन कामे राहिली. साधारण ८० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) तपासा. नवी रिम बसते तेव्हा नट थोडे सैल पडतात. तुमच्या गाडीला १०३ न्यूटन मीटर. दुकानातल्या हवेच्या बंदुकीने कधी कधी इतके आवळतात की रस्त्यात पंक्चर झाले तर आपल्याला उघडतच नाही. माझ्या एका मित्राचा स्टड (नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) असाच तुटला.

दुसरे हवा. दुकानात वीस अंशांत ३५ पीएसआय भरले आणि बाहेर उणे वीस झाले तर तीच हवा आकुंचन पावून २८ वर येते. गळती नसते, थंडीच असते. थंड टायर असताना, घरून निघण्याआधी, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याइतकी भरून घ्या. महिन्यातून एकदा तरी.

---

पाना_पक्कड | २६ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:००

एक भर. उन्हाळी चाके काढल्यावर हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासा. गंजाचा पापुद्रा मधे राहिला तर चाक सरळ बसत नाही. मग हबला अँटी-सीझचा (चाक चिकटू न देणाऱ्या मलमाचा) अगदी पातळ थर. स्टडच्या आट्यांना मात्र काही लावू नका. तिथे वंगण गेले की त्याच १०३ वर नट खरे तर जास्त ताणला जातो.

आणि बर्फ पडल्यावर पहिल्या रविवारी एखाद्या रिकाम्या वाहनतळावर जा. तीसच्या वेगाने ब्रेक पूर्ण दाबा. पायाखाली थरथरेल, ते एबीएसमुळे (ब्रेक दाबताना चाके अडकू न देणारी यंत्रणा), पाय उचलू नका. थोडे वळवून पाहा. गाडी कशी निसटते हे मोकळ्या जागी एकदा कळले की रस्त्यावर हात घाबरत नाहीत.

---

गोदाकाठ | १८ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:४५

मंडळी, धागा वर काढते. बातम्यांत पाहिले असेलच. १३ तारखेला एक वादळ आणि १६ ला दुसरे, चार दिवसांत माँट्रियलवर ७० सेंटिमीटरहून जास्त बर्फ. गाडी शोधायला फावडे घेऊन अंदाजाने खणावे लागले.

रविवारी घरातच थांबलो. पण १३ ला, गुरुवारी, गार्डेरीने दुपारी लवकर बंद करतो म्हणून कळवले आणि मला निघावेच लागले. १५ वर सगळे चाळीसने चालले होते. पुढच्या ट्रकचे लाल दिवे एकदम मोठे झाले, मी ब्रेक दाबला, पायाखाली ते थरथरले. पाना_पक्कड दादा, मला तुमचा रिकामा वाहनतळ आठवला. पाय उचलला नाही. गाडी सरळ रेषेत थांबली, मधे दोन गाड्या मावतील एवढी जागा ठेवून. डाव्या लेनमधली एक छोटी गाडी मात्र तिरकी होत पुढे गेली आणि कडेच्या बर्फात रुतली. त्यातला मुलगा सुखरूप बाहेर आला, तेवढे पाहूनच मी निघाले.

मुलीला घेऊन घरी आले आणि गाडीतच पाच मिनिटे बसून राहिले. मग हे सगळे धागे पुन्हा वाचले. तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ देऊन लिहिलेत, त्याचे मोल मला त्या दिवशी कळले.

---

जुना_माँट्रियलकर | १८ फेब्रुवारी २०२५, रात्री ११:१५

ताई, वाचून डोळे भरून आले. मुलीला आशीर्वाद.

---

ईझारकाठी | १९ फेब्रुवारी २०२५, दुपारी १२:२०

खूप बरे वाटले वाचून. काळजी घ्या. आणि आता ईस्टरपर्यंत घाई करू नका, यंदा तो २० एप्रिलला आहे.

---

गोदाकाठ | २६ एप्रिल २०२५, दुपारी ३:१०

आज चाके बदलली, घरीच. नवरा आणि मी, जॅक, टॉर्क पाना आणि इमारतीच्या मागची सपाट जागा. जॅक लावण्याआधी नट अर्धा आटा सैल केले, मग उचलली. पुढचे उजवे चाक हबला घट्ट चिकटले होते. नट सैल ठेवून गाडी खाली टेकवली आणि हाताने मागेपुढे ढकलली, तेव्हा सुटले. ऑक्टोबरमध्ये दुकानात ब्रशने घासा म्हणून सांगितले होते, घासले नव्हते बहुतेक. आज चारही हब मी घासले.

काढलेल्या चाकांवर खडूने लिहून ठेवले आहे: पु.डा., पु.उ., मा.डा., मा.उ. पुढच्या वर्षी पुढची मागे घालायची. मीठ धुऊन, सुकवून, तळघरातल्या लॉकरमध्ये एकावर एक आडवी रचली. रिमवर आहेत म्हणून आडवी चालतात, असे वाचले. नक्षी मोजली, पुढे साडेसात मिलिमीटर, मागे आठ.

एक शंका. लॉकरच्या शेजारच्याच खोलीत इमारतीच्या हीटरची मोटर आहे. मोटरजवळ ओझोन तयार होतो असे पाना_पक्कड दादांनी एका दुसऱ्या धाग्यात लिहिले होते. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवू का?

---

पाना_पक्कड | २६ एप्रिल २०२५, दुपारी ४:००

हो, बांधा. काळ्या मोठ्या पिशव्या, एका चाकाला एक. बांधण्याआधी टायर पूर्ण कोरडे हवेत, आणि पिशवीतली हवा दाबून काढून तोंड चिकटपट्टीने बंद करा. वर चमक आणणारे कुठलेही द्रावण लावू नका. खडूची अक्षरे पुसली जातील, तेव्हा पिशवीवरही लिहा.